भाव पडलेला असताना जुनी कॉमिक्स विकावीत का? खेड्यातून निर्णय घेणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

२०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येणार, अशा खात्रीने आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या ओसरीत कापूस छताला लागला. तो भाव काही आला नाही. माझ्याही घरी कापूस होता, आणि त्याच खोलीत एक टिनाची पेटी होती. मी आणि माझ्या धाकट्या भावाने शाळेत असताना जमवलेली ३१२ कॉमिक्स तिच्यात होती. टाळेबंदीच्या काळात या कॉमिक्ससाठी मला नागपूर, पुणे, इंदूर अशा ठिकाणांहून फोन येत होते. मी ‘अजून चढेल’ म्हणून थांबलो, आणि एक दिवस फोन यायचे बंद झाले. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी काही अंक विकले, काही राखले, आणि दोन्ही करताना चुका केल्या. वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या घरात अशीच पेटी असेल आणि भाव पडल्यामुळे तिचे काय करावे हे कळत नसेल, तर पुढील क्रमाने गेल्यास गोंधळ बराच कमी होईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कापसाला निदान हमीभाव आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा तो क्विंटलला ८,११० रुपये होता. कॉमिक्सना हमीभाव नाही, खरेदी केंद्र नाही आणि वर्तमानपत्रात रोज छापून येणारा भावही नाही. जो घेणारा आज समोर आहे, तो देईल तोच भाव. म्हणून ‘भाव वाढेल का’ या प्रश्नापासून सुरुवात केली, तर माणूस अडकूनच पडतो.

१. आधी पेटी उघडा, भाव नंतर विचारा

बहुतेक लोक पेटीत नेमके काय आहे हे न पाहताच कुणाला तरी फोन करतात आणि ‘आमच्याकडे जुनी कॉमिक्स आहेत, किती मिळतील?’ असे विचारतात. तेवढ्यावरून समोरच्याला एकच गोष्ट कळते, की तुम्हाला आपला माल माहीत नाही. त्यामुळे कोणालाही विचारण्यापूर्वी पूर्ण यादी करा.

हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावे. श्रावणात पेटी उघडली तर दमट हवा आत शिरते आणि मे महिन्याच्या दुपारी जुना कागद हाताळताना कडेने तुटतो. ओलसर वाटणारे अंक उन्हात वाळत घालण्याचा मोह टाळा. उन्हाने ओल जाते, पण मुखपृष्ठाचा रंगही उडतो आणि कागद पापडासारखा वाकडा होतो. सावलीत, पंखा अंगावर न घेता, अंक सुटे करून ठेवावेत.

लागणारे साहित्य फार नाही: एक लांबट वही, शिसपेन्सिल, फुटपट्टी, मऊ रुंद ब्रश, दिवसाच्या उजेडात फोटो निघेल असा मोबाइल आणि खाली अंथरायला धुतलेले सुती धोतर किंवा चादर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. शाईचा पेन जवळ ठेवू नये. मी ठेवला होता आणि एका अंकाच्या मागच्या बाजूवर निळा ठिपका आजही आहे.

वहीत प्रत्येक अंकासाठी एक ओळ ठेवा आणि तिच्यात मालिकेचे नाव, भाषा, अंक क्रमांक, छापलेले वर्ष, मुखपृष्ठावरची किंमत, पानांची संख्या आणि दिसणारे दोष लिहा. किंमत लिहायला विसरू नका. पुनर्मुद्रण ओळखण्याचा तो सर्वांत सोपा धागा आहे, कारण त्याच कथेची नंतरची छपाई बहुधा वाढलेल्या किमतीने आलेली असते. कधीकधी जुन्या किमतीवर नव्या किमतीची चिकटपट्टी असते. ती सोलून काढू नका.

२. हातात आहे ते नेमके काय, हे ओळखा

आपल्या भागात सापडणारा संग्रह बहुधा चार-पाच प्रकारांचा मिश्र असतो, कारण मराठीबरोबर हिंदी कॉमिक्सही एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तितक्याच सहज मिळत असत आणि उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली पोरे घराच्या ओसरीत दोरी बांधून, तिच्यावर अंक टांगून, ते किरायाने देत असत. या सर्वांची बाजारातली गत सारखी नाही.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि ती १९९० मध्ये बंद पडली. पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळाच्या (फँटमच्या) कथा होत्या. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे आले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर आला. इंग्रजी मालिकेतले १२३ आणि १२४ हे क्रमांक छापखान्यातील संपामुळे निघालेच नाहीत, म्हणून तुमच्या इंग्रजी यादीत ते नसतील तर काही हरवले असे समजू नका, आणि कोणी ते दोन अंक ‘दुर्मीळ’ म्हणून विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मालिका बंद असल्यामुळे मूळ छपाईचे अंक वाढत नाहीत. उलट दरवर्षी वाळवी, पूर आणि कबाडी मिळून ते कमीच करतात. मंदीतही ज्यांना घेणारे टिकून राहतात असे अंक बहुधा याच गटातले असतात. मराठी आवृत्तीचे मात्र थोडे वेगळे आहे. ती कमी उरली आहे हे खरे, पण ती शोधणारेही इंग्रजीच्या मानाने मोजकेच आहेत. वस्तू दुर्मीळ असली म्हणजे ती महाग असेलच असे नाही.

अमर चित्र कथा ही मालिका अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसच्या मार्फत सुरू केली. तिची कित्येक पुस्तके पुन्हा पुन्हा छापली गेली असून आजही नवी विकत मिळतात. त्यामुळे ‘आमच्याकडे शंभर अमर चित्र कथा आहेत’ या वाक्याने ग्राहक हलत नाही; सुरुवातीच्या छपाईचे, कमी किमतीचे आणि स्वच्छ अंक असतील तरच तो पुढे सरकतो. बाकीच्या प्रती नातवंडांना वाचायला द्याव्यात, हे माझे प्रामाणिक मत आहे.

हिंदी गटात राज कॉमिक्सचे नागराज (१९८६) आणि सुपर कमांडो ध्रुव (१९८७), तसेच १९७८ पासूनची डायमंड कॉमिक्स येतात. प्राण यांचा चाचा चौधरी त्याआधी, १९७१ मध्ये, ‘लोटपोट’ या मासिकात आला होता. राज कॉमिक्सचा ग्राहक आज चाळिशीच्या आसपासचा आहे, म्हणजे कमावता आहे, आणि सुरुवातीच्या अंकांच्या मागे तो खरोखर लागतो. मात्र याही मालिकांची पुनर्मुद्रणे झाली आहेत, म्हणून वर्ष आणि किंमत न तपासता भाव सांगू नका.

‘चांदोबा’ हे कॉमिक्स नव्हे, तर कथामासिक होते. १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या मासिकाची ती मराठी आवृत्ती, १९५२ पासूनची. जुन्या पेट्यांत ती कॉमिक्सच्या बरोबरच निघते. यादीत ती वेगळी ठेवा, कारण तिचे ग्राहक वेगळे असतात.

३. अवस्था तपासा, पण दुरुस्ती करू नका

एकाच अंकाच्या दोन प्रतींच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो, तो अवस्थेमुळे. अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था कॉमिक्सला ०.५ ते १० अशी श्रेणी देऊन ती प्लास्टिकच्या डब्यात बंद करते. आपल्याकडच्या बहुतेक अंकांसाठी तो खर्च निघणार नाही, पण तिच्या तपासण्याच्या पद्धतीतून शिकण्यासारखे आहे. मुखपृष्ठ मूळ पिनांना धरून आहे का, पिना गंजल्या आहेत का आणि गंजाचा तांबूस डाग कागदात उतरला आहे का, कण्यावर, म्हणजे अंकाच्या पिना मारलेल्या पाठीवर, किती सुरकुत्या आहेत, कोपरे गोल झाले आहेत का, मधली पाने गळाली आहेत का आणि कुपन कापलेले आहे का, हे सर्व पाहा. मधल्या पानावरचे पोस्टर किंवा कापून पाठवायचे कुपन गेलेले असणे हा फार सामान्य दोष आहे आणि विक्रेता तो बहुतेक वेळा पाहतच नाही. मग ग्राहक पार्सल उघडल्यावर पाहतो आणि भांडण लागते.

वाचनालयाचा शिक्का, मुखपृष्ठावरचे नाव, आतल्या शब्दकोड्यातली अक्षरे, हे सगळे दोष आहेत, पण ते सांगून विकता येतात. जे सांगूनही विकत नाही ते म्हणजे घरगुती दुरुस्ती. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून कागदात मुरते. उडालेला रंग स्केचपेनने भरला तर मोबाइलच्या फोटोत तो दिसत नाही, पण हातात घेतल्यावर लगेच कळतो.

बांधणीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण विदर्भात ही खोड फार होती. आठवीत असताना मी इंद्रजालचे चाळीस अंक तालुक्याच्या बाइंडरकडे नेऊन त्यांचे दोन खंड करून घेतले होते. हिरवे रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरे, आणि तिन्ही बाजू गुळगुळीत कापलेल्या. त्या कापण्यात प्रत्येक अंकाच्या वरच्या कडेवरचा मजकूर अर्धा गेला आणि पिनांच्या जागी सुतळीची भोके आली. चाळीस वर्षांनी एका संग्राहकाने तो खंड हातात घेतला, अंगठ्याने पाने फिरवली आणि म्हणाला, ‘‘काकाजी, यात वीस अंक होते, आता हे एक पुस्तक आहे.’’ बांधलेले खंड असतील तर ते फोडू नका. फोडल्याने अंक परत मिळत नाहीत, उलट सुटी, फाटकी पाने हाती येतात. खंड म्हणूनच, वाचकासाठी, विकावेत.

४. नेमके काय पडले आहे, ते पाहा

‘कॉमिक्सचा बाजार पडला’ हे वाक्य ‘कापूस पडला’ इतकेच मोघम आहे. पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस, कवडी (किडका, डागी कापूस) आणि फरदड (हंगामानंतर झाडे राखून घेतलेला कापूस) यांचे भाव एकाच दिवशी, एकाच मोंढ्यात वेगळे असतात, आणि मंदी आली की सर्वांत आधी फरदडीला विचारणारा उरत नाही. कॉमिक्सचेही तसेच होते. अमेरिकेत २०२१ च्या तेजीत ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक, ज्यात स्पायडरमॅन प्रथम आला, ३६ लाख डॉलरला गेला. २०२२ पासून तिथले सर्वसाधारण अंकांचे भाव घसरले; तरीही २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’च्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक उत्तम प्रत ९० लाख डॉलरच्या वर विकली गेली. वरचा थर चढत होता आणि मधला थर उतरत होता, तोही एकाच मंदीत.

अमेरिकेतलाच आणखी जुना धडा आपल्या उपयोगाचा आहे. १९९० च्या सुरुवातीला लोकांनी वाचण्यासाठी नव्हे, तर पुढे विकण्यासाठी कॉमिक्स घ्यायला सुरुवात केली. १९९१ च्या ‘एक्समेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला आणि कित्येकांनी तो न उघडताच कपाटात ठेवला. प्रत्येकाने जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? तो अंक आजही स्वस्तात मिळतो. तो फुगा फुटल्यावर दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या जुन्या अंकांना हा रोग नाही, कारण ते कोणी विकण्यासाठी घेतले नव्हते. पण गेल्या काही वर्षांत ‘संग्राहक आवृत्ती’ म्हणून निघालेली नवी पुनर्मुद्रणे जर तुम्ही वाढतील म्हणून घेतली असतील, तर मंदी संपण्याची वाट पाहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तुमच्या अंकाचा आजचा भाव काढण्याची रीत अशी. इंटरनेटवर कोणी मागितलेली किंमत धरू नका. प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत शोधा. ‘बाराशे’ असे लिहून ठेवलेला अंक दोन वर्षे तिथेच असेल, तर बाराशे हा त्याचा भाव नव्हे, ती मालकाची इच्छा आहे. लिलावांचे जुने निकाल आणि संग्राहकांच्या गटांतले झालेले सौदे यांतून एकाच अंकाच्या, साधारण सारख्या अवस्थेच्या, निदान तीन विक्री नोंदवा आणि त्यांच्या तारखा लिहा. तीनही उतरत्या असतील तर मंदी तुमच्या अंकापर्यंत पोहोचली आहे. तीन विक्री सापडतच नसतील, तर त्या अंकाला बाजारच नाही, आणि मग जो कोणी खरोखर विचारतो आहे त्याला किंमत आहे. यादीतल्या सर्व ३१२ अंकांसाठी हे करण्याची गरज नाही. मी वीस अंकांसाठी केले. बाकीचे त्यांच्या मागे आपोआप आले.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. कापसाचा भाव सूतगिरण्या, निर्यात आणि पाऊस यांवर चालतो, म्हणून तो फिरू शकतो. जुन्या कॉमिक्सचा भाव आठवणींवर चालतो. इंद्रजाल वाचत मोठी झालेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. ती अजून वीस वर्षे खरेदी करीत राहील असे मला वाटत नाही. राज कॉमिक्सची पिढी तरुण आहे. म्हणून ‘थांबलो तर वाढेल’ हा हिशेब दोन्ही गटांना सारखा लावू नका.

५. स्वतःला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न पैशाच्या गरजेचा. मुलीची फी, बियाणे, दवाखाना असे काही समोर असेल तर विका, आणि भाव कमी मिळाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. कॉमिक्स राखण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे घेतले तर वर्षाला ३६ टक्के व्याज होते. म्हणजे राखलेल्या अंकांचा भाव एका वर्षात ३६ टक्क्यांनी वाढला, तरी तुम्ही जिथल्या तिथेच राहता.

दुसरा प्रश्न साठवणीचा, आणि खेड्यात हाच निर्णायक ठरतो. ज्या वर्षी मी कापूस राखला, त्या वर्षी सरकीच्या वासाने खोलीत उंदीर आले. पेटीच्या एका कोपऱ्याला गंजून रुपयाएवढे भोक पडले होते, हे मला माहीत होते. फेब्रुवारीत पेटी उघडली तेव्हा वरून सगळे जसेच्या तसे होते. खालची थप्पी उचलली, तर अकरा अंकांचा उजवा खालचा कोपरा अर्धगोल कुरतडलेला, एकाखाली एक, जणू कोणी वाटी ठेवून कापला आहे. भाव चढण्याची वाट पाहताना माझ्या अकरा अंकांचा भाव असा उतरला, आणि त्याचा बाजारातल्या मंदीशी काही संबंध नव्हता. टिनपत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ठेवलेला कागद, धूर येणाऱ्या स्वयंपाकघराच्या माळ्यावरचा कागद आणि सारवलेल्या जमिनीला टेकलेल्या पेटीतला कागद दरवर्षी थोडा थोडा मरत असतो. जर तुमच्याकडे चांगली जागा नसेल आणि ती करण्याची इच्छाही नसेल, तर मंदीतला आजचा भाव हाच तुमचा उच्चांक समजावा.

तिसरा प्रश्न: हे अंक तुम्हाला स्वतःला हवे आहेत का? याचे उत्तर ‘हो’ असेल तर भावाचा प्रश्न उरत नाही, पण ते मान्य करा. ‘गुंतवणूक आहे’ असे घरात सांगत बसू नका. चौथा प्रश्न: सगळे एकदम विकायची गरज आहे का? बहुधा नसते. मी शेवटी ज्यांची पुनर्मुद्रणे मिळतात ते आणि कुरतडलेले अंक आधी काढले, कारण ते वाढण्याची शक्यता नव्हती. इंद्रजालचे स्वच्छ अंक राखले. लोक नेमके उलटे करतात. चांगले अंक पटकन विकले जातात म्हणून ते आधी देतात आणि मग उरलेल्या ढिगाला कोणी हात लावत नाही.

६. घरच्यांना आधी विचारा

वडिलांच्या किंवा भावांच्या एकत्र संग्रहावर एकट्याचा हक्क नसतो. जमिनीच्या वाटणीत जसा बांधावरून वाद होतो, तसा ‘ते माझे होते’ यावरूनही होतो. माझ्या भावाने चार अंक मागून घेतले. त्यांत एकही भारी नव्हता. मोठी विक्री असेल तर सर्वांच्या सह्यांचा साधा कागद करून ठेवा.

७. कुठे विकावे

गावात येणारा कबाडी किलोने घेतो. त्याला देणे हा विक्रीचा मार्ग नाही, तो जागा मोकळी करण्याचा मार्ग आहे. पण पाने गळालेले आणि वाळवीने चाळण केलेले अंक त्यालाच द्यावे लागतात.

नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीत) जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत. असा विक्रेता तुम्हाला शेवटच्या ग्राहकाच्या किमतीचा छोटा भागच देईल, आणि त्यात फसवणूक नाही. त्याला तो माल कदाचित वर्षभर सांभाळायचा असतो. मंदीत तो आणखी हात आखडतो. मात्र पैसे रोख आणि काम एका दिवसात होते, हे ज्याला कापणीच्या दिवसांत वेळ नाही त्याच्यासाठी महत्त्वाचे आहे. जाताना सगळी पेटी नेऊ नका. यादी आणि पाच नमुने न्या.

थेट संग्राहकाला विकल्यास सर्वांत चांगला भाव मिळतो आणि सर्वांत जास्त वेळ जातो. कॉमिक कॉन इंडियासारखे मेळावे २०११ पासून मोठ्या शहरांत भरतात. तिथे विकायला नव्हे, पण कोण काय शोधतो आहे हे ऐकायला एकदा जाऊन यावे.

इथला मोठा सापळा म्हणजे ‘पूर्ण लॉट घेतो’ असे बोलून नंतर निवड करणे. माझ्याकडे एक गृहस्थ गाडी घेऊन आले, लॉटचा भाव ठरला, चहा झाला, आणि मग त्यांनी पेटीतून बावीस अंक बाजूला काढून म्हटले, ‘‘सध्या एवढेच नेतो, भाव लॉटचाच लावा, बाकीचे पुढच्या खेपेला.’’ पुढची खेप आजवर आलेली नाही. लॉटचा भाव हा वाईट अंक चांगल्यांबरोबर जावेत यासाठी असतो. निवडून न्यायचे असतील तर प्रत्येक अंकाची किंमत वेगळी, हे पेटी उघडण्यापूर्वी बोलून घ्या.

८. पैसे आणि पार्सल

ओळख नसलेल्या ग्राहकाशी व्यवहार करताना पैसे खात्यात जमा झाल्यावरच माल पाठवावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे तुमचे पैसे येतील’ असे जो सांगतो तो तुमच्या खात्यातून पैसे काढणार आहे. पैसे जमा झाल्याच्या स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता बँकेचे खाते स्वतः पाहा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो.

डाकघरातली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून ‘रजिस्टरने पाठवा’ असे ग्राहक म्हणाला तरी स्पीड पोस्टच करावे लागेल. अंक पिशवीत घालून दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. पुठ्ठे अंकापेक्षा बोटभर मोठे असावेत, म्हणजे कोपऱ्यांचा मार पुठ्ठ्याला लागेल. चिकटपट्टी पिशवीच्या बाहेरच राहील याची काळजी घ्या आणि सगळ्यावर प्लास्टिक गुंडाळा. बांधण्यापूर्वी प्रत्येक अंकाचे पुढचे, मागचे आणि मधले पान दिसेल असे चित्रण मोबाइलवर करून ठेवा.

जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी: अंकांची यादी आणि फोटो, बँक पासबुक, पॅन कार्ड, ठरलेल्या किमतीचा लेखी संदेश, डाकेची पावती आणि असल्यास घरच्यांच्या सह्यांचा कागद. आधार कार्डाची पूर्ण प्रत ग्राहकाला पाठवू नका. त्याला तिची गरज नसते. रक्कम मोठी होणार असेल तर विक्रीनंतर नव्हे, आधीच सनदी लेखापालाला कराबद्दल विचारून घ्या.

९. जे राखायचे ठरवले ते कसे ठेवावे

पिशव्या पॉलिप्रॉपिलिनच्या घ्याव्यात. जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात आणि मुखपृष्ठाचा रंग त्यांनाच लागून येतो. पेटीची भोके टिनाच्या तुकड्याने बुजवा, आतून कोरडा पुठ्ठा घाला, पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवा. टिनाच्या छपराखाली ठेवण्यापेक्षा घराच्या मधल्या, कवेलूच्या (कौलारू) खोलीत ती अधिक सुरक्षित राहते. ओली कडुनिंबाची पाने घालू नका, त्यांचा हिरवा डाग कागदावर बसतो. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, त्यांचा अंकाला स्पर्श होऊ देऊ नये. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात.

आमच्या घरी आता पेटी वर्षातून दोनदा उघडली जाते, एकदा होळीनंतर आणि एकदा दिवाळीनंतर. दिवाळीनंतरच्या वेळी वहीतल्या त्याच वीस अंकांच्या नव्या विक्री शोधून तारखेसह लिहितो. कापूस मात्र त्या खोलीत ठेवत नाही.